नऊ नावांचा धनी

गालोनं त्या सकाळी मुआंग सिंग या बाजारगावातून निळ्या प्लास्टिकचे चार रेनकोट घेतले. चार पाहुणे, चार रेनकोट. त्याचं स्वतःचं जाकीट होतं, लाल रंगाचं, पाठीवर परदेशी अक्षरं असलेलं. ते घालून तो आरशासमोर किती वेळ उभा राहायचा हे त्याच्या बायकोला विचारा. ते चार रेनकोट मात्र लक्षात ठेवा, पुढे मोजायची वेळ येणार आहे.

धंदा त्याचा वाटाड्याचा. दूरदेशची माणसं आमच्या डोंगरात यायची, गावं बघायची, आमच्या बायकांच्या डोक्यावरची चांदीची नाणी बघून आ वासायची, आणि गालो त्यांना रांगेत लावून फिरवायचा. पाहुण्यांत तो गॅरी. गालो हे नाव म्हणे त्यांच्या जिभेला जड जातं. दोन अक्षरं, आणि जड जातात! खरं म्हणजे ते नाव त्यालाच जड झालं होतं.

पाहुण्यांसमोर तो आम्हाला 'ही डोंगरातली साधी माणसं' म्हणायचा आणि ओठ एका बाजूला ओढून हसायचा. पाहुण्यांची पाठ वळली की त्यांना 'दोन पायांची गुरं' म्हणायचा. "दिसेल त्याचा फोटो काढतात," तो बाजारात सांगायचा, "डुकरानं घाण केली तर तिचासुद्धा." दोन्हीकडे नाक मुरडून मुरडून त्याचं नाक तसंच राहिलं होतं. वाटेत तो मनाला येईल त्या थापा मारायचा. कुठल्याही झाडाखाली राक्षस पुरलेला असायचा, कुठल्याही दगडावर राजकन्या रडलेली असायची. पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. खऱ्या गोष्टी त्याला येतच नव्हत्या, सांगणार कुठून?

आता खरं काय ते मी सांगतो. आम्हा आखा लोकांत बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर ते मुलाच्या नावाचं पहिलं. झेम्योचा म्योगा, म्योगाचा गालो. अशी पहिल्या माणसापासून आजपर्यंत साठ नावं, एकात एक अडकवलेली. दहा वर्षांचं पोर ती साखळी एका दमात म्हणतं. परक्या मुलखात कुणी आखा अडकला आणि त्यानं गावच्या वेशीवर उभं राहून साखळी म्हटली, पहिल्यापासून स्वतःच्या नावापर्यंत, एकही न चुकता, की तो आपला. मग तो कसा दिसतो, कुठून आला, काही विचारायचं नाही. त्याला आत घ्यावंच लागतं आणि भात वाढावाच लागतो.

गालोला पहिली नऊ यायची. दहाव्याला तो खोकायचा.

"नऊ नावांचा धनी," त्याची आई त्याला म्हणायची. आईला आमच्यात आमा म्हणतात. "एकोणसाठ माणसं मेली तेव्हा हा एक उपटला, आणि याला नऊ आठवतात."

"नावांनी पोट भरतं का, आमा?"

"तुझं कशानंच भरत नाही, मेल्या."

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला खरोखर लागलेली होती. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको मीबा गावापासून लांब, त्या बाजारगावात बाळंत झाली होती. मूल रडलंच नाही. गालोनं ते हातात घेतलं होतं आणि त्या हातांचं काय करायचं हे त्याला बरेच दिवस कळत नव्हतं. आता मीबाला पुन्हा दिवस भरले होते. या खेपेला तिनं त्याचं ऐकलं नाही. ती सरळ त्याच्या गावी, साखोला, सासूपाशी जाऊन राहिली. गालो एकुलता एक. हे मूल गेलं तर साखळी त्याच्यापाशी तुटणार होती. साखळीचं त्याला काही पडलं नव्हतं, पण मूल त्याला हवं होतं. त्याचं नावही त्यानं ठरवून ठेवलं होतं, लोबे. ते तो कुणाला सांगत नसे.

मीबा निघताना म्हणाली होती, "तू ये. पण एकटा ये. आणि वेशीतून ये."

"मग काय उडत येणार?" तो म्हणाला होता.

आणि आता हा गडी चार पाहुणे घेऊन साखोलाच निघाला होता. आदल्या संध्याकाळी भाताची दारू चढली आणि यानं बढाई मारली, माझ्या स्वतःच्या गावात नेतो, नशीब असेल तर तान्ह्या बाळाचं नाव ठेवताना दाखवतो, असलं कुणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या बायकोचं बाळंतपण यानं तमाशासारखं कबूल करून टाकलं.

पाहुणे चार. एक उंच नवरा-बायको, दोघांचे गुडघे दुखत होते आणि दोघं एकमेकांना दोष देत होते. एक कॅमेरेवाला, जो प्रत्येक गोष्टीला "हे खरं आहे का?" असं विचारायचा. आणि एक पांढऱ्या केसांची बाई, जन्मभर शाळेत शिकवत आलेली, जी दिसेल त्या पोराचा हात धरायची. गालो तिला मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणायचा.

दुपारी धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं वरून येत नाही, ते दरीतून चढत येतं, आणि आधी पाय दिसेनासे होतात. ओल्या राखेचा वास येऊ लागला म्हणजे गाव जवळ आलं. मग जुन्या वेशी लागल्या. आम्ही दरवर्षी नवी वेस बांधतो आणि जुनी तशीच सोडतो, म्हणून गावाआधी वेशींची रांगच असते, पहिल्या मोडून पडलेल्या, पुढच्या कलत्या. प्रत्येकीच्या पायाशी लाकडाचा एक बाप्या आणि एक बाई. वेशीच्या आत माणसं, बाहेर ते दुसरे, माणूस नसलेले, हे सगळ्यांना कळावं म्हणून.

नव्या वेशीच्या आडव्या बांबूला ताजी चांदणी लटकत होती, हिरव्या बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, हाताएवढी.

गालो थबकला.  ती चांदणी म्हणजे आत बाळंतपण चालू आहे आणि मुलाला नाव मिळेपर्यंत गाव बंद.

वेशीच्या आतल्या बाजूला, लाकडाच्या ओंडक्यावर, म्हातारा सेझा चिलीम ओढत बसला होता. गावाचे विधी तोच बघायचा. सगळे त्याला आबो म्हणायचे, म्हणजे आजोबा.

"आलास का रे, गॅरी?" सेझा म्हणाला. गॅरी हा शब्द त्यानं थुंकावा तसा म्हटला.

"मीबा कशी आहे, आबो?"

"सकाळपासून कळा देतेय. तू ये आत. बाप आहेस, बापाला बंदी नाही. वेशीतून ये आणि तोंड मिटून घरी जा."

"आणि हे?"

"हे खाली राखणीच्या झोपडीत बसतील. उद्या येतील. त्यांचं काय जळतंय?"

कॅमेरेवाल्यानं मागून विचारलं, "काय म्हणतोय तो? आत सोडत नाही का? तुझंच गाव आहे ना हे? खरं आहे ना?"

उंच बाई नवऱ्याला म्हणाली, "मी म्हटलंच होतं." नवरा हसला. बस, एवढंच. त्या हसण्यानं गालोची कानशिलं तापली. पाच पावलांवर वेस होती. पलीकडे बायको कळा देत होती. या माणसाला लाज कशाची वाटली, तर परक्या चौघांसमोर एका चिलीमवाल्या म्हाताऱ्यानं अडवल्याची.

"हे माझे पाहुणे आहेत," तो म्हणाला. "हे येतील तर मी येईन."

"मग बस बोंबलत."

"एका बांबूच्या चांदणीला घाबरून? कुंपणाला डुकरांचं भोक आहे, आबो. लहानपणापासून मला माहीत आहे."

सेझानं चिलीम तोंडातून काढली. "त्या वाटेनं माणसं येत नाहीत, गालो," तो हळूच म्हणाला. या वेळी त्यानं खरं नाव घेतलं. "वेस टाळून जे येतं त्याच्याकडे आम्ही बघत नाही. त्याच्याशी बोलत नाही. ते काय बोललं तर ऐकत नाही. आज तर नाहीच नाही. आज घरात असं एक आहे ज्याला अजून नाव नाही."

"नका बघू," गालो म्हणाला. "माझं काही अडत नाही."

त्यानं पाहुण्यांना सांगितलं की आपण गुप्त वाटेनं जाणार आहोत, जी आजवर कुठल्याही परदेशी माणसाला दाखवलेली नाही. पाहुणे खूश झाले. खूश व्हायला त्यांना फार लागत नव्हतं.

कुंपणाच्या कडेनं डुक्करवाट जाते. खाली चिखल, डाव्या हाताला काट्याकुट्यांचं कुंपण, उजव्या हाताला दरी, म्हणजे त्या दिवशी नुसतं पांढरं. गालो पुढे. मागे प्लास्टिकची सळसळ. मधेच त्यानं सवयीनं मान वळवून मोजलं. वाटाड्याला ती सवय असतेच, हरवलेला पाहुणा फार महाग पडतो. पहिला निळा, कॅमेरेवाला. दोन उंच निळे. त्यामागे मास्तरीणबाई.

आणि तिच्यामागे एक निळा.

"कोण मागे राहिलंय?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. चला."

त्यानं पुन्हा मोजलं. धुकं मधे आलं. चार. बरोबर, चारच. डोळ्यांत पाणी आलं असेल, तो स्वतःशी म्हणाला, आणि या गुरांबरोबर राहून आपणही आकडे विसरायला लागलो, असंही म्हणाला. पण पुढे तो जरा भराभर चालला. सळसळ त्याला आता जास्तच ऐकू येत होती. एक सळसळ बाकीच्यांच्या लयीत नव्हती. ती लहान पावलांची होती.

भोकातून तो आधी वाकून आत गेला. एकेक जण आला, चिखलानं भरत, खिदळत. शेवटी मास्तरीणबाई. ती आत येऊन मागे वळली, वाकली, आणि हात बाहेर काढून कुणाला तरी "ये, ये, घाबरू नकोस," असं म्हणाली. गालोनं ते ऐकलं. त्याला वाटलं, एखादं कुत्रं असेल. त्याचं सगळं लक्ष घराकडे होतं.

गावात एक बाई उखळात भात कांडत होती. गालोची चुलत बहीण, लहानपणी दोघं एका ताटात जेवलेली. त्यानं हाक मारली. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही, फक्त सावकाश वळून पाठ केली आणि पुन्हा कांडू लागली. पुढच्या घराच्या ओट्यावर तीन म्हातारे तंबाखू चोळत होते. ते तिघं गालोच्या छातीतून पलीकडच्या भिंतीकडे बघत राहिले. कुत्री भुंकली नाहीत. शेपट्या पोटाखाली घालून घरांच्या खाली शिरली.

"किती सुंदर!" उंच बाई कुजबुजली. "किती लाजरी माणसं!"

"लाजरी कसली," गालो दातओठ खात म्हणाला. "माज आहे." पण त्याचा आवाज जरा वरच्या पट्टीत गेला होता. सगळ्या जगाला फाट्यावर मारणारा माणूस, पण आपल्याकडे कुणी बघत नाही हे त्याला मिनिटभर सोसेना.

घराच्या ओट्यावर आमा पाण्याचं भांडं विस्तवावर ठेवत होती.

"आमा. मी आलोय."

आमानं फुंकर घातली. धूर तिच्या डोळ्यांत गेला, तिनं डोळे पुसले आणि जिथे गालो उभा होता तिथून नजर अशी नेली, जणू तिथे खांबसुद्धा नाही.

"आमा, अगं..."

ती आत गेली. दाराचा बांबू आतून घातल्याचा आवाज झाला.

आणि तेवढ्यात आतून मूल रडलं.

गालोनं दाराला कान लावला. रडलं! पहिल्या खेपेला जे घडलं नव्हतं ते घडलं. आमच्यात मूल तीनदा रडेपर्यंत त्याला जमिनीवरून उचलत नाहीत. एक रडणं आयुष्यासाठी, एक जिवासाठी, एक आपल्यासाठी. तिसऱ्या रडण्याला सुईण त्याला उचलते आणि त्याच दमात नाव देते. तोवर ते कुणाचंच नसतं. म्हणून तेवढा वेळ सगळं गाव श्वास धरून बसतं. म्हणून तर वेशीला चांदणी.

मूल दुसऱ्यांदा रडलं.

गालो दारावर थापा मारू लागला. "मीबा! मीबा, मी आहे!" कुणी ओ दिली नाही. आत बायका आहेत, त्याची बायको आहे, त्याची आई आहे, आणि एकीच्याही तोंडातून शब्द नाही. मागे कॅमेऱ्याची टिकटिक चालली होती. गालोला राग आला, रडू आलं, आणि आनंद झाला, सगळं एकदम. आणि त्याला एकच सुचलं, की हे माझं आहे हे यांना ऐकवायचं. त्यानं भिंतीला तोंड लावलं आणि छाती फुटेल एवढ्यानं ओरडला.

"लोबे! माझा लोबे!"

 मुसळाचा आवाज थांबला. आतलं मूलसुद्धा रडायचं थांबलं.

आणि त्याच्या पाठीमागून, अगदी जवळून, वळचणीखालून कुणीतरी म्हणालं...

"ओ."

लहान मुलाचा आवाज होता. हाक मारल्यावर मूल देतं तशी ओ.

गालो वळला. समोर उखळापाशी त्याचे चार पाहुणे उभे होते, चार निळे रेनकोट, सगळे त्याच्याकडे बघत. आणि वळचणीखाली, त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर, पाचवा. कमरेएवढा. टोपी पुढे ओढलेली. टोपीच्या आत पांढरं होतं. चेहरा नव्हे. धुकं.

आतून आमा किंचाळली. "दुमे! दुमे! तुझं नाव दुमे!" तिसऱ्या रडण्याची, सुईणीची वाट न बघता तोंडाला आलं ते नाव तिनं फेकलं. साखळीत न बसणारं, बापाच्या नावाला न चिकटणारं, कुणाचंही नाव. मग बऱ्याच वेळानं मूल तिसऱ्यांदा रडलं, बारीक, दमल्यासारखं.

गालोनं पाहुण्यांना कसं बाहेर काढलं हे त्याला नीटसं आठवत नाही. त्याच भोकातून काढलं. बाहेर पडताना मोजलं, चार. पुन्हा मोजलं, चार. जीव भांड्यात पडला त्याचा. राखणीच्या झोपडीत पोचल्यावर पाहुणे फोटो बघत बसले, फार भारी दिवस झाला म्हणाले. मास्तरीणबाई तेवढी दारात उभी राहून मागे बघत होती.

"तो छोटा कुठे गेला?" तिनं विचारलं.

"कोण छोटा?"

"आपल्याबरोबर होता तो. मी त्याचा हात धरून त्याला आत घेतलं ना! हात किती गार होता त्याचा. त्याला आतच ठेवून आलो आपण?"

गालोनं तिला आत ओढलं आणि झोपडीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो वेशीतून आला, एकटा, हातात रिवाजाचं उकडलेलं अंडं घेऊन, जसं कालच यायला हवं होतं. चांदणी उतरवलेली होती. सगळे त्याच्याशी बोलले. चुलत बहिणीनं "कधी आलास?" असं विचारलं. तिच्या तोंडावर खोटेपणाचा मागमूस नव्हता, आणि तीच गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

"काल मी आलो होतो, आमा," तो म्हणाला.

"काल कुणी आलं नाही," आमा म्हणाली. "काल बाहेरून एक नाव आलं. तुझ्या आवाजात. मी फटीतून बघितलं, तिथे कुणी नव्हतं."

मीबा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मूल तिच्या कुशीत होतं, गोरंगोमटं, धडधाकट. ती वळली नाही. "एकटा ये म्हटलं होतं," ती म्हणाली. "एवढंच म्हटलं होतं."

गालो सेझाकडे गेला, पाया पडला. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "आबो, पोराचं नाव बदला. लोबे ठेवा. साखळी तुटतेय."

"आता तुला साखळी आठवली होय, शहाण्या?" सेझा म्हणाला. "नऊ नावांच्या धन्या! ते नाव आता मोकळं नाही. त्याला ओ मिळाली. ज्यानं ओ दिली त्याचं ते नाव. तुझी साखळी तुटली बिटली नाही, बाबा. तिला तूच पुढे जोडलीस. फक्त घरातल्याला नाही जोडलीस."

याला सात वर्षं झाली. गालोनं वाटाड्याचं काम सोडलं. लाल जाकीट गुरं राखणाऱ्याला दिलं. तो साखोतच राहतो, कुंपणाचं ते भोक बुजवतो, आणि पावसात डुकरं ते पुन्हा पाडतात. दुमे मोठा होतोय. चांगला आहे, कामाला वाघ आहे, पण त्या तिसऱ्या रडण्यानंतर त्याच्या तोंडातून आवाज आलेला नाही. ऐकतो सगळं. आमा त्याला मांडीशी घेऊन साखळी शिकवायची. "जीभ नाही म्हणून कान नाहीत काय याला?" ती म्हणायची. तो ओठ हलवायचा.

धुकं चढलं की बाहेरून, त्या भोकापलीकडून, एक आवाज यायचा. पहिल्या वर्षी तो नुसता "आदा" म्हणायचा. म्हणजे बाबा. गालो कानांत बोटं घालून बसायचा. तिसऱ्या वर्षी आवाज स्पष्ट झाला, दुमेच्या वयाच्या पोराचा असावा तसा, आणि तो नावं म्हणू लागला. पहिल्या माणसापासून, एकेक, ओळीनं. धुक्याच्या एका मोसमात दहा, पुढच्यात वीस. नऊच्या पुढे गेला तेव्हा गालोला कळेना की नावं बरोबर आहेत का. त्यानं आमाला विचारलं. आमा पांढरी पडली. बरोबर होती.

"तू त्याला शिकवतेस ते तिकडे जातंय, आमा. बंद कर. तुझ्या पाया पडतो. साखळी पुरी झाली की तो वेशीवर येईल. मग त्याला आत घ्यावं लागेल."

आमानं त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, मेलो असतो तर बरं. पण तिनं शिकवणं थांबवलं, चाळिसाव्या नावाला.

परवा दुपारी धुकं आलं. गालो वेशीशी सेझाच्या ओंडक्यावर बसून चांदणी विणत होता, शेजारी दुमे. सेझा आता नाही. आवाज आला तो भोकाकडून नव्हे, जुन्या वेशींच्या रांगेतून, रस्त्यानं चालत येणाऱ्यासारखा. गालो मोजत होता. सत्तावन्न. अठ्ठावन्न, झेम्यो, त्याचा आजोबा.

त्यानं दुमेकडे बघितलं. चाळिसाव्यापुढची नावं त्याला कुणी शिकवलेली नव्हती, तरी पोराचे ओठ हलत होते. आजवर ते आवाजाच्या मागून हलायचे. आज ते पुढे होते. ओठांनी म्योगा म्हटलं, आणि मग बाहेरच्यानं म्हटलं, "म्योगा."

गालोनं पोराच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात. त्याच्या तळव्याखाली ओठ हलले, दोनदा.

"गालो," बाहेरचा म्हणाला. अगदी वेशीपाशी. हाक मारावी तसा.

गालोनं ओ दिली नाही. त्यानं दात आवळून धरले होते, जीभ चावून धरली होती, रक्ताची चव आली होती. दुमेचं तोंड त्याच्या हाताखाली बंद होतं. गावातलं कुणी जवळपास नव्हतं.

ओ आली ती पाठीमागून, गावातून, त्याच्याच घराच्या वळचणीखालून. त्याच्याच आवाजात.

गालो हे नाव आता त्या ओ देणाऱ्याचं झालं, आणि साखळीत एकच नाव उरलं होतं, लोबे.